पिवळं वर्तुळ

बागेतल्या त्या बाकावर बसलं की समोरच्या हिरवळीवर एक पिवळं वर्तुळ दिसायचं. साधारण बशीएवढं. चहूकडे पाणी पिऊन टवटवीत झालेलं गवत आणि मधोमध ही वाळकी चकती. लोक तिच्यावरून चालत जायचे, मुलं पळायची, कुणाच्या खिजगणतीतही ती नव्हती. माझी नजर मात्र दर वेळी तिथंच जाऊन अडकायची, कारण ती माझी करणी होती. पंधरा दिवसांपूर्वी मी तिथं मेटल डिटेक्टर फिरवला होता, यंत्र किणकिणलं होतं, खुरप्यानं गवताचा गोल तुकडा कापून मी बाजूला काढला होता आणि बोटांनी उकरून उकरून अखेर जे बाहेर आलं ते बाटलीचं गंजकं झाकण होतं. तुकडा परत जागेवर बसवला, वरून बुटानं दाबला आणि खुशाल घरी गेलो. खड्डा बुजवला म्हणजे प्रश्न मिटला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

गवताला ते कळवायचं राहून गेलं होतं.

बागेची देखभाल करणारे एक काका आहेत. उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. त्या दिवशी हातातली रबरी नळी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, ‘‘हे तुमचं ना?’’ मी हो म्हणालो. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. यंत्र खांद्यावरच होतं. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण काकांनी नळ बंद केला, गुडघ्यावर बसले आणि दोन बोटांत धरून ती वाळकी चकती उचलली. डब्याचं झाकण उघडावं तशी ती वर आली. खालून जेमतेम दोन बोटं माती आणि तिच्यातून लोंबणारी तुटकी, सुकलेली मुळं.

‘‘चारी बाजूंनी तोडलंत. आता हे जगणार कशावर?’’

मग त्यांनी माझंच खुरपं घेतलं आणि शेजारच्या एका उघड्या, रया गेलेल्या कोपऱ्यात मला दाखवलं. घोड्याच्या नालेसारखं तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू तशीच ठेवायची. पातं तिरकं न घालता सरळ खाली, चांगलं चार-पाच बोटं, म्हणजे मुळांबरोबर त्यांची मातीही येते. मग तो थर दारासारखा उलटायचा. न कापलेली बाजू ही त्याची बिजागरी. निघालेली माती गवतावर पसरायची नाही, कापडावर घ्यायची. काम झालं की कापडाची चारही टोकं धरून सगळी माती आत ओतायची, दार लावायचं, तळव्यानं दाबायचं आणि पाणी घालायचं. ‘‘आणि उन्हाचा कडाका असेल तेव्हा गवताच्या वाटेला जायचंच नाही,’’ उठता उठता ते म्हणाले. पुढं अनुभवी शोधकांशी बोलताना कळलं की डिटेक्टर घेऊन जमिनीतल्या धातूच्या वस्तू शोधण्याच्या या छंदातला पहिला धडा हाच असतो. मी तो वर्तुळ करून बसल्यावर शिकलो.

खरं तर चूक खुरप्याच्या आधीच झाली होती. मी कुणाला विचारलंच नव्हतं. फाटकाशी नियमांचा फलक आहे. तो मी वाचला होता, त्यात मेटल डिटेक्टरचा उल्लेख नव्हता आणि लिहिलेलं नाही त्याला मनाई नाही, असा सोयीचा अर्थ काढून मी आत शिरलो होतो. जोडीला आणखी एक युक्तिवाद: बाग सार्वजनिक आहे, सार्वजनिक म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांत मी आलोच. हिशेब दिसायला बिनचूक. पण बागेतली फुलंही सगळ्यांचीच असतात म्हणून कुणी घरी नेत नाही. सार्वजनिक जमिनीला मालक नसतो हा आपला गोड गैरसमज. तिला मालक असतो, फक्त तो बंगल्याच्या व्हरांड्यात बसलेला दिसत नाही. कुठल्या तरी कार्यालयात त्याची फाइल असते. आणि फलकावर ‘डिटेक्टर’ हा शब्द नसला तरी ‘जमीन उकरू नये, झाडांना इजा करू नये’ अशा अर्थाची ओळ कुठं ना कुठं असतेच. तेवढी पुरते.

मग मी त्या कार्यालयात गेलो. टेबलापलीकडच्या बाईंना आधी वाटलं मला बागेत हरवलेली वस्तू शोधायची आहे. ‘‘काय हरवलंय?’’ काही नाही, म्हटलं. ‘‘मग काय शोधणार?’’ ते माहीत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. हा प्रश्न या छंदाला विचारलेला सर्वात रास्त प्रश्न आहे आणि आजही माझ्याकडे त्याचं धड उत्तर नाही. परवानगी मिळायला काही आठवडे गेले. मिळाली ती लेखी आणि अटींसकट: फावडं-कुदळ नाही, फक्त हातातलं छोटं अवजार, फुलांचे वाफे, खेळाचं मैदान आणि झाडांच्या बुंध्याजवळची जागा वर्ज्य, जुनं किंवा मौल्यवान काही सापडलं तर आधी कळवायचं. तो कागद घड्या घालून पिशवीत ठेवलेला असतो. कुणी हटकलं तर वाद घालत बसण्यापेक्षा कागद उलगडणं सोपं. आणि कागद असूनही समोरचा ‘इथं नको’ म्हणाला तर निमूट निघून जाणं त्याहून सोपं. तो दिवस गेला एवढंच.

अटी जाचक वाटल्या तेव्हा मी इतर देशांतले नियम वाचायला बसलो, आणि माझ्या वाट्याला आलेलं पत्र फारच प्रेमळ वाटायला लागलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हे यंत्र वापरणं सोडाच, जवळ बाळगायलाही मनाई आहे; गाडीतून न्यायचंच असेल तर सुटं करून, वापरता येणार नाही असं बांधून ठेवावं लागतं. तिथल्याच १९७९ च्या कायद्यानं संघराज्याच्या जमिनीतल्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय अवशेषांना संरक्षण दिलं. गावोगावच्या बागांचे नियम तिथं निराळे, एका गावात मुभा तर शेजारच्या गावात बंदी, त्यामुळे दर ठिकाणी नव्यानं विचारावं लागतं. आयर्लंडमध्ये १९८७ पासून पुरातन वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरायला सरकारची लेखी संमती लागते. फ्रान्सनं १९८९ मध्ये असाच कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या मानानं मोकळीक आहे: जमीनमालक हो म्हणाला आणि जागा संरक्षित नसली तर शोधता येतं, पण १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे सापडलेली वस्तू ‘निधी’ ठरण्याजोगी असेल तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. भारतातला निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा तर १८७८ चा. ठरावीक किमतीच्या वरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा, असं तो सांगतो.

मजा म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं आपलं धातू शोधणारं यंत्र बनवलं ते १८८१ मध्ये. म्हणजे कायदा यंत्राच्याही आधी तीन वर्षं तयार बसला होता. बेलच्या यंत्राची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली होती, ती शरीरात नेमकी कुठं रुतली आहे हे सापडत नव्हतं. बेल यंत्र घेऊन आला, पण पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, आणि मुख्य डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो फक्त उजव्या बाजूला, कारण गोळी तिकडेच आहे अशी त्यांची खात्री होती. गोळी डाव्या बाजूला निघाली, पण शवविच्छेदनात. परवानगीच्या हद्दीत राहून शोधल्यावर काही न सापडण्याची परंपरा इतकी जुनी आहे, हे वाचून माझ्यासारख्याला जरा बरं वाटतं.

तर एवढा बंदोबस्त कशासाठी? एखाद्या नाण्यासाठी? नाण्यासाठी नव्हे. ते नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल पडलं होतं, त्यासाठी. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातली १९९२ ची हॉक्सनची घटना या छंदातले लोक हमखास सांगतात. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला एरिक लॉज हे त्यांच्या ओळखीचे गृहस्थ डिटेक्टर घेऊन गेले. हातोड्याऐवजी नाणी निघायला लागली, चांदीचे चमचे निघाले. अशा वेळी हात थांबणं किती अवघड असेल याचा विचार करा; मी बाटलीच्या झाकणासाठी थांबू शकलो नव्हतो. लॉज थांबले. थोडं काढल्यावर त्यांनी खोदणं बंद केलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले, उरलेला सगळा ऐवज आहे त्या मांडणीतच त्यांना उचलता आला. रोमन काळातली सुमारे १५ हजार नाणी, दागिने, भांडी. ज्या लाकडी पेटीत तो ठेवला होता तिचे माग जमिनीत शिल्लक होते, म्हणून कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात होती याचाही अंदाज बांधता आला. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणि त्याच्या उलट जर्मनीतली नेब्रा इथली गोष्ट. १९९९ मध्ये दोघांनी परवानगीशिवाय टेकडीवर डिटेक्टर फिरवला आणि काशाची एक तबकडी उपसून काढली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, तीवर सोन्यात घडवलेले सूर्य किंवा पूर्णचंद्र, चंद्रकोर, तारे. काढताना अवजाराचा घाव बसला तो आजही तिच्यावर दिसतो. ती चोरून विकली गेली, हातोहात फिरली, शेवटी २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला पोलिसांनी सापळा रचून ती ताब्यात घेतली. नंतर खोदणाऱ्यांनाच घेऊन जाऊन ‘नेमकी जागा दाखवा’ म्हणावं लागलं. आकाशाचा इतका जुना नकाशा हातात, आणि तो कुठं पुरला होता हे सांगणारे साक्षीदार फक्त चोर. बागेत मला असलं काही सापडणार नाही हे उघड आहे. पण वर्तुळ कापताना माझा हात त्या दोघांइतकाच अधीर होता, हे मला नाकारता येत नाही.

यंत्राबद्दल थोडं. लोकांना वाटतं ते ‘सोनं’ असं ओरडतं. तसं नसतं. दांड्याच्या टोकाशी कॉइल असते, म्हणजे तारेचं गोल वेटोळं; तिच्यातून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू आडवा आला की त्यात बारीक विद्युतप्रवाह उमटतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते किंचित उशिरानं कॉइलकडे परततं. त्या उशिरावरून यंत्र एक आकडा आणि एक सूर देतं. लोखंडी खिळ्याला घोगरा, तांब्या-चांदीच्या नाण्याला उंच आणि स्वच्छ. मधल्या पट्टीत सगळा घोटाळा. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची फाडून फेकलेली कडी आणि सोन्याची अंगठी जवळपास एकाच आकड्यावर येतात. ही सुटी निघणारी कडी १९६३ च्या सुमाराला बाजारात आली. डब्यालाच चिकटून राहणारी १९७५ मध्ये आली आणि हळूहळू जुनी मागं पडली. मधल्या वर्षांत लोकांनी बागांमध्ये बसून जी कडी तोडून गवतात टाकली, ती आम्ही अजून वेचतो आहोत. कडी टाळायची तर अंगठीही टाळावी लागते, म्हणून दोन्हींसाठी वाकावं लागतं.

यातूनच मला सर्वात मोलाचा वाटणारा शिरस्ता आला: जे बाहेर काढलं ते परत आत टाकायचं नाही. कमरेला दोन कप्प्यांची पिशवी असते, एका कप्प्यात सापडलेलं, दुसऱ्यात कचरा. कचऱ्याचा कप्पा नेहमी जड. महिन्याभराचं माझं उत्पन्न एकदा मी वर्तमानपत्रावर मांडलं: एकोणतीस कड्या, चांदीच्या कागदाचे बोळे, वाकडे खिळे, एक कुलूप, त्याची नव्हे अशी एक किल्ली, काही चालू नाणी. काकांना तो ढीग दाखवला तर त्यांनी त्यातला एक खिळा उचलला, बोटानं टोक तपासलं आणि म्हणाले, ‘‘हा कुणाच्या तरी पायात जाणार होता.’’ त्या दिवसापासून ते माझ्याशी जास्त बोलायला लागले असं मला वाटतं. निदान नळी तरी खाली ठेवतात.

बाकीच्या रीतीभाती कुणी लिहून दिलेल्या नाहीत, त्या लोकांच्या चेहऱ्यांवरून शिकाव्या लागतात. हेडफोन लावायचे, कारण आपल्याला मंजुळ वाटणारी किणकिण बाकावर डोळे मिटून बसलेल्या माणसाला डासासारखी वाटते. पण एक कान मोकळा ठेवायचा, मागून सायकल येते. गर्दीच्या वेळी जायचं नाही. लहान मुलांच्या खेळाच्या जागेत मुलं असताना पाऊल टाकायचं नाही. मग तिथल्या वाळूत कितीही नाणी असोत. फवाऱ्यांच्या तोट्या आणि जमिनीखालचे नळ, वायरी कुठून गेल्यात ते आधी विचारून घ्यायचं. दुसरा शोधक दिसला तर त्याच्या पट्ट्यात घुसायचं नाही. सिग्नल नेमका कुठून येतो हे चाचपायला पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, वापरला तर खड्डा अर्ध्यावर येतो, आणि नाणं अगदी वरच असेल तर खड्डाच नको, बोथट टोकानं हलकेच उचकलं की ते वर येतं. आणि कधी काडतूस, तोफगोळा अशी शंका येईल असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब जायचं आणि पोलिसांना कळवायचं. यात धीटपणा दाखवण्यासारखं काही नाही.

मुलं मात्र येतातच. ‘‘काका, सोनं मिळालं का?’’ हा ठरलेला प्रश्न. पूर्वी मी त्यांना टाळायचो. आता थांबतो, हेडफोन काढतो, एखाद्याला पिनपॉइंटर धरायला देतो. एकदा चार बोटं खोलीवर एक खेळण्यातली गाडी निघाली. रंग पार उडालेला, छपराच्या खोबणीत तेवढा निळ्याचा एक ठिपका उरलेला, चाकं मातीनं जाम. शेजारी उकिडवा बसलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा तत्काळ म्हणाला, ‘‘ही माझी आहे.’’ गाडी त्याच्या वडिलांच्या वयाची असावी. हरवलेली वस्तू मूळ मालकाची असते, सापडणाऱ्याची नव्हे, हे मी तोवर चार जणांना ऐकवलं होतं. आता मालकच हजर झाला होता. त्याची आई ओशाळून म्हणाली, ‘‘अहो, तो सगळ्यालाच माझी म्हणतो.’’ मी टॉवेलवर ती पुसली आणि त्याला दिली. तेवढ्यानं नियम मोडला असेल तर मोडला.

अंगठीच्या बाबतीत मात्र मोडला नाही. ती एका बाकाच्या मागं सापडली, आतल्या बाजूला दोन अक्षरं आणि एक तारीख कोरलेली. ती रात्रभर माझ्या घरी होती आणि खोटं कशाला बोलू, बोटात घालूनही पाहिली. सकाळी कार्यालयात नेऊन दिली, पावती घेतली. मालकाला ती मिळाली का, हे मला कुणी कळवलं नाही. त्या बाई अजून त्याच टेबलावर असतात, पण विचारायला गेलो की आपण बक्षिसाची वाट बघतोय असं दिसेल, म्हणून गेलो नाही.

पिवळं वर्तुळ भरायला बराच काळ लागला. काकांनी त्यात कडेच्या गवताचे ठोंब लावले, मी आठवडाभर बाटलीनं पाणी घातलं. आता ती जागा मलाही चटकन सापडत नाही. बाकापासून पावलं मोजावी लागतात.

त्याच बागेत आणखी एक जागा आहे, ती मोजावी लागत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, दोन जाड मुळांच्या बेचक्यात, कॉइल गेली की यंत्र अतिशय स्वच्छ, उंच सूर देतं. कुठल्याही बाजूनं फिरवा, आकडा हलत नाही. अशा सिग्नलसाठी लोक दिवस दिवस चालतात. पत्रात लिहिलंय, झाडाजवळ नाही. आणि पत्रात नसतं तरी ते मूळ तोडल्याशिवाय खाली जाता येणार नाही हे दिसतंच आहे. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी काकांना बोलावून ऐकवला. हेडफोन त्यांना जरा मोठा झाला, तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून ते उभे राहिले.

‘‘काय असेल?’’

‘‘नाणं असेल. मोठं. नाहीतर डब्याचं झाकण.’’

त्यांनी मुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खुरपं पिशवीतच ठेवलं.

अजूनही बाग सोडताना एकदा तिथून कॉइल फिरवतो. काका लांबूनच विचारतात, ‘‘आहे का?’’

‘‘आहे,’’ मी सांगतो.